ताम्हण नोंदवही : चार नंबर अखेर हिरवं झालं

मंडळी, चार नंबरच्या शेंड्याला हिरवं पान आलंय. ठिपक्याठिपक्यांचं नाही, देठापासून टोकापर्यंत सबंध हिरवं. माझ्या पाच ताम्हणांपैकी हे एकच खुंटलेलं, शेंड्याला पिवळं पडलेलं. मागच्या नोंदी ज्यांनी वाचल्यात त्यांना यात एवढं काय ते कळेल. घरच्यांना काही कळलं नाही.

आधी मापं. घेर नेहमीप्रमाणे वनखात्याच्या रीतीने, जमिनीपासून 1.37 मीटरवर टेप लावून. दोन नंबर, म्हणजे नाल्याच्या अंगचं, गाळाच्या जागेतलं : उंची 17 फूट, घेर 12 इंच. एक आणि तीन 13 फुटांच्या आसपास. पाच नंबरचा शेंडा रोह्याने (नीलगाईने) पुन्हा खाल्ला, त्यामुळे त्याचं माप घेण्यात अर्थ नाही. बोरीच्या काट्यांचं कुंपण आता डोक्याएवढं उंच केलंय. आणि चार नंबर : साडेसहा फूट, घेर तीन इंच. पाचही रोपं एका लॉटची, एकाच मृगात लागलेली, शेणखतही एकाच ढिगातलं.

दोन नंबरबद्दल थोडं मिरवतो. यंदा वैशाखात त्याला पहिला फुलोरा आला. बाकी सगळं शिवार करपलेलं आणि धुऱ्यावर ते जांभळे तुरे. ताम्हणाची फुलं नव्या फुटव्यांच्या टोकाला येतात, म्हणून जे झाड जोमाने फुटतं तेच भरून फुलतं. राज्यफूल म्हणून शाळेत नाव पाठ केलेलं असतं, पण आमच्या पट्ट्यात अनेकांनी झाड पाहिलेलंच नाही. पऱ्हाटीला चाललेल्या बाया बंडी थांबवून विचारत होत्या, हे कशाचं झाड बाई?

आता चार नंबर. पाण्याचा संशय सगळ्यात आधी मिटला, कारण पाचही झाडं एकाच ड्रिपच्या नळीवर आहेत. वाळवी नव्हती. पिशवीत मुळांची वेटोळी झाली असतील म्हणून एका अंगाने हळूच उकरून पाहिलं, तर मुळं चांगली मोकळी होती. फक्त दोन फुटांखाली गेल्यावर सगळी आडवी वळलेली. आणि त्या खोलीवर मातीत पांढरे खडे, बोराएवढे.

हे दिसलं तरी अर्थ माझा मला लागला नव्हता. तो लावला वरूडकडून आलेल्या आमच्या एका पाहुण्यांनी. संत्र्याच्या बागेत त्यांचं आयुष्य गेलंय. झाडाभोवती एक फेरी मारली, कोवळं पान उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "भाऊ, हा तं केवडा हाय ना. आमच्या संत्र्याले येते तसाच. खाली चुना हाय, तुम्ही कायले पानी मोजत बसले?"

केवडा म्हणजे लोह न मिळाल्याने कोवळं पान पिवळं पडणं. पान पुन्हा नीट पाहिलं. कोवळी पानं पिवळीफटक, शिरा मात्र हिरव्या, आणि जुनी पानं ठीकठाक. नत्र कमी पडलं तर आधी जुनी पानं पिवळी पडतात, कारण झाड तिथलं नत्र काढून शेंड्याला देतं. लोह असं हलवता येत नाही, म्हणून त्याची टंचाई थेट शेंड्यावर दिसते. खात्रीसाठी दोन्ही ठिकाणची माती वाटीत घेऊन वर व्हिनेगर टाकलं. दोन नंबरची माती गप्प बसली. चार नंबरची फसफसली. प्रयोगशाळेचा अहवाल सामू (पीएच) आणि चुनखडीचा आकडा देईल, पण जागा निवडताना एवढी वाटी पुरते.

गंमत अशी की या मातीत लोह भरपूर असतं. चुन्यामुळे सामू आठच्या आसपास जातो आणि त्या सामूत लोह विरघळतच नाही, मुळांच्या हाती लागत नाही. त्यात आपली काळी माती पावसाळ्यात फुगून बसते, हवा कोंडते, पाण्यात बायकार्बोनेट वाढतं आणि केवडा आणखी गडद होतो. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि बारीक मुळं तोडते. ताम्हण मुळात ओढ्यानाल्याकाठचं झाड, चुना त्याला सोसत नाही.

पहिला उपाय हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. जमिनीत टाकून उपयोग नव्हता. चुनखडीत ते बघता बघता गंजासारखं होऊन बसतं. म्हणून फवारणी : लिटरला 5 ग्रॅम हिराकस, 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल, संध्याकाळी. आम्ल आधी विरघळवायचं, आणि पाणी पावसाचं साठवलेलं घ्यायचं. आमच्या विहिरीच्या पाण्याने ड्रिपरवर पांढरी खरपुडी धरते, त्या पाण्यात लोह टाकीतच खाली बसतं. हिराकस घेताना खडे हिरवे आहेत का ते बघा. तालुक्याच्या एका दुकानात मला तपकिरी भुकटी दाखवली आणि वर 'जुना माल जास्त कडक' असंही सांगितलं. तपकिरी म्हणजे लोह गंजून गेलेलं.

फवारणीने पान हिरवं झालं, पण जिथे थेंब पडला तेवढंच. लोह हलत नाही याचा पुरावाच तो. पिवळ्या पानावर हिरवे ठिपके, बिबट्या उलटा रंगवल्यासारखा. पुढचं पान परत पिवळंच.

मग चिलेटेड लोह, म्हणजे ईडीटीए, ईडीडीएचए अशा रसायनाने धरून ठेवलेलं लोह. इथे मला जरा बोलायचंय. कृषी केंद्रात 'मायक्रोन्यूट्रियंट' म्हणून ज्या बाटल्या ढकलतात, त्यातलं लोह बहुतेक वेळा ईडीटीएचं असतं. आम्लधर्मी मातीत ते चांगलं. सामू साडेसहाच्या वर गेला की ईडीटीए लोहाला सोडून कॅल्शियम धरतं. आपल्याकडे ते पाण्यात गेलेले पैसे. चुनखडीत टिकतं ते ईडीडीएचए, गडद लालसर भुकटी, किंमत ऐकून घाम फुटतो. थोडं मिळवलं, पाण्यात कालवून पानांच्या घेराखाली संध्याकाळी ओतलं आणि लगेच माती ओढली, कारण उन्हात ते फुटतं. त्यानंतर आलेलं हे सबंध हिरवं पान. म्हणजे लोह मुळातून चढलंय. फुटवा वीतभर वाढलाय, आणि पानं गळायच्या आत अजून थोडा वाढेल.

वाढीच्या आकड्यांवरून आठवलं. थंड देशांतल्या बागवाल्यांच्या रोवन झाडांच्या याद्या मी अधूनमधून चाळतो. लाल, पिवळ्या, गुलाबी मण्यांच्या घोसांसाठी लावतात ते झाड. प्रत्येक जातीपुढे पूर्ण वाढीची उंची, पसारा आणि तिथवर पोचायला लागणारी वर्षं. पिवळ्या मण्यांचा 'जोसेफ रॉक' दहा मीटरच्या घरात जातो, विल्मोरिनचा रोवन त्याच्या निम्म्यावर थांबतो, हे लावणाऱ्याला आधीच ठाऊक. आणि रोवनलाही चुन्याची उथळ जमीन मानवत नाही, हे वाचून चार नंबरला लांबचा नातेवाईक मिळाल्यासारखं वाटलं. आपल्या नर्सरीत पिशवीवर नाव असलं तरी नशीब. तेही खरं असेलच असं नाही. चिनी लॅजरस्ट्रोमिया, म्हणजे लॅजरस्ट्रोमिया इंडिका, 'ताम्हण' म्हणून गळ्यात मारतात. ते तीन ते सहा मीटरचं झुडूप, आपलं ताम्हण, म्हणजे लॅजरस्ट्रोमिया स्पेसिओसा, बागेत सहज दहा-पंधरा मीटर. पान बघा : इंडिकाचं दोन-तीन बोटांएवढं, ताम्हणाचं वीतभर. विजेच्या तारेखाली कुठलं लावायचं आणि मोकळ्यावर कुठलं, सगळा हिशेब त्यावर.

तारेवरून पुढचा बेत. पंपाच्या लाईनखालच्या दोन जागांवर इंडिका लावायचं ठरवलं होतं, खड्डेही आखले. पण हे लिहिता लिहिता उठून तिथली माती वाटीत घेतली, आणि तीही फसफसली. इंडिकालाही केवडा धरतो, म्हणजे पुन्हा तेच दुखणं. तिथे आता शंकासूर. तीन मीटरच्या वर फारसा जात नाही, चुन्याला घाबरत नाही. गुलमोहर सुचवणाऱ्यांना हात जोडून नमस्कार : वाढतो झपाट्याने, आणि वादळात तितक्याच झपाट्याने तारेवर येतो.

चार नंबर हलवणार नाही. पानांच्या घेराखाली गिरमिटाने चार भोकं पाडून त्यात शेणखत, गंधक आणि हिराकस भरायचं ठरवलंय. सगळ्या जमिनीचा चुना गंधकाने मारायचा म्हटलं तर पोती लागतील. पण चार भोकांपुरती माती आंबट राहिली तरी मुळं तिथे शिरतील. भोकं पावसाळा संपल्यावर, वाफसा आला की. ओल्या काळ्यात गिरमिट अडकतं ते निघत नाही.

ईडीडीएचए संपत आलंय. मोठं पाकीट फोडून अर्धं वाटून घेणारा अमरावती-वर्ध्याकडचा कोणी असेल तर कळवा. लालसर भुकटीच हवी, पिवळी नको.