साप्पोरोचा बर्फोत्सव : बागेच्या पार टोकापर्यंत चालत जा

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात मातीचा किल्ला केलेल्या माणसाला जपानमधल्या साप्पोरो शहराचा बर्फोत्सव वेगळा समजावून सांगावा लागत नाही. १९५० साली तिथल्या शाळकरी मुलांनी ओदोरी बागेत बर्फाच्या सहा मूर्ती केल्या आणि उत्सव सुरू झाला. ती जागा तेव्हा शहरातून उपसलेला बर्फ आणून टाकायची होती. सगळ्यांना नकोशा झालेल्या ढिगातून पोरांनी काहीतरी घडवलं आणि ते बघायला सुमारे ५० हजार माणसं लोटली. १९५५मध्ये जपानच्या स्वसंरक्षण दलाचे जवान कामाला आले, तेव्हापासून मूर्ती अवाढव्य होत गेल्या. १९७२च्या हिवाळी ऑलिंपिकने साप्पोरोचं नाव जगभर पोचवलं. आता आठवड्याभरात वीस लाखांच्या आसपास लोक येतात, आणि बागेतल्या मूर्ती बघायला तिकीट नाही.

आम्ही तिघं गेलो होतो, मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक. गेली काही वर्षं उत्सव ४ ते ११ फेब्रुवारी असतो. अकरा तारखेला जपानात राष्ट्रीय सुट्टी असते, त्या दिवशी बागेत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा सुरुवातीचे साधे वार धरा. टोकियोहून साप्पोरोजवळचा न्यू चितोसे विमानतळ दीड तासाचा, पण हिमवादळात उड्डाणं रखडतात. परतीचं मुंबईचं विमान त्याच दिवशी ठेवू नका, मध्ये एक रात्र सोडा. विमानतळाच्या खालूनच रेल्वे सुटते आणि चाळीस मिनिटांच्या आत साप्पोरोला पोचवते. हॉटेल पाच-सहा महिने आधी घ्या. आम्ही ऑगस्टमध्ये घेतलं, तेव्हाही बागेजवळचे दर आवाक्याबाहेर गेले होते. सुसुकिनो या गजबजलेल्या भागाच्या पुढचं एक स्टेशन, नाकाजिमा कोएन, आम्हाला परवडलं आणि शांतही निघालं.

ओदोरी बाग पूर्व-पश्चिम दीड किलोमीटर लांब आहे. पूर्वेच्या टोकाला टीव्ही टॉवर, तिथून एक चोमे, दोन चोमे असे चौक मोजत जायचं. गर्दीत चालणं एकेरी असतं, एका बाजूने जायचं आणि दुसऱ्या बाजूने परत यायचं. दहा-पंधरा मीटर उंच मूर्ती रात्री दहापर्यंत दिव्यांत असतात, त्यांच्यावर प्रकाशचित्रांचे खेळ होतात. ते जरूर बघा. पण बहुतेक पर्यटक तेवढं बघून सुसुकिनोतल्या बर्फशिल्पांकडे वळतात, आणि मला त्याची फार हळहळ वाटते, कारण उत्सवाचा जीव पश्चिम टोकाला आहे.

तिथे साध्या नागरिकांनी केलेल्या लहान मूर्ती असतात, माणसाच्या उंचीच्या किंवा थोड्या मोठ्या. सकाळी नऊला आम्ही गेलो तेव्हा रात्रभर पडलेल्या बर्फाने सगळ्यांचे नाक-डोळे बुजले होते. गमबूट घातलेल्या एक आजी मऊ ब्रशने एका मांजराच्या मिशा मोकळ्या करत होत्या. शेजारी बादलीत बर्फ आणि पाणी कालवलेलं होतं. तुटलेल्या कानाला तो रबडीसारखा लगदा त्यांनी हातमोज्याने लावला, गवंडी गिलावा लावतो तसा, आणि आमच्या डोळ्यांदेखत तो घट्ट झाला. हे कालवणं का लागतं ते लेकीला तिथेच कळलं. होक्काइदोचा, म्हणजे साप्पोरो ज्या बेटावर आहे तिथला, बर्फ इतका कोरडा की लाडू वळला जात नाही, तूप कमी पडलेल्या बेसनासारखा हातात भुगा होतो. आजींनी न बोलता बादली तिच्यापुढे सरकवली. पुढचा अर्धा तास आम्ही तिथेच होतो. अकरा चोमेत आंतरराष्ट्रीय स्पर्धा होते. पहिल्या दिवसांत गेलात तर देशोदेशीचे चमू फावडी आणि छिन्न्या घेऊन कोरताना दिसतील.

थंडीपेक्षा घसरण्याची काळजी घ्या. रस्ता ओलांडायच्या जागी वर्दळीने बर्फाची काच झालेली असते. पहिल्याच संध्याकाळी मी तिथे पडले, मनगट तीन दिवस दुखलं. बुटांना अडकवायचे खिळ्यांचे पट्टे तिथल्या छोट्या दुकानांत मिळतात, उतरल्या उतरल्या घ्या. चौकांत खडीच्या पेट्या असतात, त्यातली पिशवी काढून पुढे खडी टाकत जायची मुभा सगळ्यांना आहे. पाऊल सपाट आणि आखूड टाका. साप्पोरो स्टेशन ते ओदोरी आणि पुढे सुसुकिनोपर्यंत जमिनीखालून चालत जाता येतं, मुलांना घेऊन तोच रस्ता बरा. कपडे थरांचे हवेत, दुकानात आणि गाडीत उकडतं. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, बाहेर बॅटरी झपाट्याने उतरते.

शाकाहारी मंडळींनी तयारीने जावं. मिसो रामेन या रस्सेदार शेवयांचा रस्सा बहुधा डुकराच्या हाडांचा असतो, आणि साप्पोरोची प्रसिद्ध सूप करी भाज्यांची दिसली तरी रस्सा कोंबडीचा असू शकतो, विचारूनच मागवा. आम्हाला तारलं ते छोट्या दुकानांतल्या गरम भाजक्या रताळ्यांनी आणि संक्रांतीच्या उरलेल्या गूळपोळ्यांनी. गूळपोळीची खरी चव उणे सहा अंशांत कळते.

एक संध्याकाळ साप्पोरोजवळच्या ओतारू या बंदराच्या गावाला द्या. जाताना गाडीत उजवीकडे बसा, समुद्र रुळांना खेटून आहे. १९९९पासून तिथे बर्फातल्या दिव्यांचा उत्सव होतो, कालव्यावर मासेमारीच्या काचेच्या गोळ्यांत मेणबत्त्या तरंगतात. त्याच्या तारखा साप्पोरोच्या शेवटच्या काही दिवसांशी जुळतात, आधी तपासून घ्या.

आणि जमलं तर बारा तारखेची सकाळ मोकळी ठेवा. उत्सव संपला की सुरक्षेसाठी यंत्रं लावून मूर्ती पाडतात, लोक कठड्याबाहेर उभे राहून बघतात. आम्ही मोठ्या मूर्तीजवळ फार थांबलो नाही. लेक हात धरून आम्हाला पश्चिम टोकाला घेऊन गेली. मांजर अजून उभं होतं, तिने लिंपलेल्या कानासकट.