लास वेगसच्या अंगणात घाणेरी

इथला पाण्याचा हिशेब उलटा आहे. घरातलं सांडपाणी जवळजवळ सगळं शुद्ध होऊन लेक मीडमध्ये, म्हणजे शहराला पाणी पुरवणाऱ्या कोलोरॅडो नदीवरच्या जलाशयात, परत जातं, म्हणून आंघोळीला कुणी नावं ठेवत नाही. बागेतलं पाणी मात्र उडून जातं ते जातंच. पाऊस वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर आणि एक चौरस फूट हिरवळ पिते 73 गॅलन, म्हणजे पावणेतीनशे लिटर! 2021 च्या कायद्याने रस्त्याकडेच्या शोभेच्या हिरवळीला 2027 पासून कोलोरॅडो नदीचं पाणी बंद. घरच्या अंगणाला सक्ती नाही, उलट हिरवळ काढायला अनुदान आहे. पण आधी अर्ज, मग पाहणी, मगच फावडं. क्रम चुकला की पैसे गेले.

अनुदानाची एक अट फार शहाणी आहे: झाडं पुरी वाढल्यावर निम्मी जागा पानांनी झाकली पाहिजे. नुसती खडी आणि कोपऱ्यात दोन निवडुंग हे वाळवंटी बागेचं सोंग झालं. तापलेली खडी रात्रीही घर भाजत राहते. सावलीला पालो वर्दे, खाली टेक्सस सेज, रेड युका आणि चक्क आपली घाणेरी. आपण जी उपटून टाकतो, ती इथे नर्सरीत डॉलर मोजून घ्यावी लागते. थंडीत करपते, फेब्रुवारीअखेर बुडाशी छाटली की पुन्हा फुटते.

लागवड ऑक्टोबरात. खाली कॅलिची लागते, चुन्याने दगड झालेला थर. खड्डा पाण्याने भरून बघायचा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर पहारीने थर फोडायचा किंवा जागा बदलायची, नाहीतर मुळं कुजतात.

ठिबक मात्र आपल्या जळगाव-नाशिकच्या शेतकऱ्याने यांना शिकवावं. व्हॉल्व्हनंतर फिल्टर, मग दाब 25-30 पीएसआयवर आणणारा रेग्युलेटर. तो नसला की ड्रिपर उडतात. झाडं आणि निवडुंग एकाच व्हॉल्व्हवर नकोत: एक तहानेल, दुसरं सडेल. सर्वांत मोठी चूक म्हणजे ड्रिपर वर्षानुवर्षं खोडाशीच ठेवणं. पाणी पिणारी मुळं फांद्यांच्या घेराच्या कडेला आणि त्याबाहेर असतात. झाड वाढेल तसे ड्रिपर बाहेर सरकवायचे, वाढवायचे. रोज पाच मिनिटं शिंपडण्यापेक्षा अंतराने, पण दीड-दोन फूट मुरेल इतकं द्यायचं. लोखंडी सळई सहज जाईल तिथवर ओल.

(पुण्यातल्या सोसायट्या टँकर मागवून लॉन भिजवतात, त्यावर आज बोलत नाही.)

खडीचा थर दोन-तीन इंच, खाली प्लॅस्टिक अजिबात नको. आणि पहिलं वर्षभर पाणी हात राखून देऊ नका. दुष्काळ सोसणारं झाडही मुळं धरेपर्यंत तहानलेलंच असतं.