जबाबदाराच्या रकान्यातील सही

शाळेने आपल्याला काय दिले याविषयी लिहावे, असे स्मरणिकेच्या संपादक मंडळाने कळवले, तेव्हा सगळ्याच गोष्टींविषयी थोडेथोडे लिहिण्यापेक्षा एकट्या बायबलच्या तासाविषयी लिहावे, असे मी ठरवले. हा तास आम्हांला गणिताचे सर घेत असत. वेळापत्रकाच्या सोयीसाठी तो त्यांच्या वाट्याला आला होता की त्यांनी मागून घेतला होता, हे आम्हांला कधीच कळले नाही. पण त्यामुळे आमचा बायबलचा अभ्यास आकडेमोडीसकट झाला आणि पुढे लेखापरीक्षणात हयात घालवलेल्या माझ्यासारखीला तो जन्मभर पुरला. ख्रिस्ताचे शिष्य होणे म्हणजे काय, याची व्याख्या सरांनी आम्हांला कधी लिहून दिली नाही. पाठ कोणताही असो, त्यातल्या माणसाने स्वतःजवळचे काय पणाला लावले, एवढेच ते विचारत आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे सरकत नसत.

लूकच्या शुभवर्तमानातील एकोणिसाव्या अध्यायात यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय येतो. येशू त्याच्या घरी उतरतो, लोक कुरकुर करतात आणि जक्कय उभा राहून सांगतो की, आपण अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो. सरांनी हे फळ्यावर चक्क उदाहरण म्हणून मांडले. संपूर्ण मालमत्ता एक धरा, निम्मी गेली, उरलेल्या निम्म्यातून लबाडीच्या रकमेची चौपट भरायची आहे, तर ती रक्कम जास्तीत जास्त किती असू शकेल? उत्तर आले एक-अष्टमांश. म्हणजे त्याच्या संपत्तीचा आठवा हिस्सा जरी लुबाडणुकीचा असला, तरी शब्द पाळल्यावर जक्कयाजवळ काहीच उरणार नव्हते. मग सरांनी बायबलच्या जुन्या करारातील लेवीय हे पुस्तक काढायला सांगितले. स्वतः होऊन चूक कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा, असा तेथे नियम आहे. चौपटीचा दर निर्गम या पुस्तकात आहे आणि तो मेंढरू चोरून कापणाऱ्याला अथवा विकणाऱ्याला लावलेला आहे. जक्कयाने स्वतःला सवलतीचा दर न लावता चोराचा दर लावून घेतला. येशूने मात्र त्याच्याकडे एका पैशाचीही मागणी केलेली नव्हती. आपल्याला पाहायला झाडावर चढलेल्या जक्कयाला त्याने नावाने हाक मारून खाली बोलावले होते आणि मला तुझ्याच घरी उतरायचे आहे, एवढेच म्हटले होते. ज्याच्या दारात कोणी पाऊल ठेवत नसे, त्याच्याकडे पाहुणा गेला, आणि मग हिशेब बदलला. हा क्रम सरांना फार महत्त्वाचा वाटे.

तरीही त्यांचा आवडता माणूस जक्कय नव्हता, बर्णबा होता. बर्णबा हा कुप्र (सायप्रस) बेटातला, लेवी वंशाचा. मूळ नाव योसेफ. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात त्याची पहिली भेट होते, ती त्याने आपली जमीन विकून पैसे प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांच्या, चरणांशी ठेवले म्हणून. त्याला लागूनच पाचव्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा यांची गोष्ट येते. त्यांनीही मालमत्ता विकली, काही रक्कम मागे ठेवली आणि सगळीच दिली असे भासवले. प्रेषित पेत्राचे त्यांना जे बोलणे आहे, त्याकडे सर आमचे लक्ष वेधत: विकण्यापूर्वी ती तुमचीच होती आणि विकल्यावरही रक्कम तुमच्याच हाती होती. देण्याची सक्ती कोणी केली नव्हती. कमी दिले हा अपराध नव्हताच, न दिलेल्याचे श्रेय घेतले हा अपराध होता. व्यवसायात पडल्यावर मला या परिच्छेदाची आठवण अनेकदा झाली, कारण धर्मादाय संस्थांच्या वह्यांत खरी अडचण बहुतेक वेळा लहान देणग्यांची नसते, मोठ्या घोषणांची असते. (या स्मरणिकेच्या अखेरीस देणगीदारांची यादी असेलच. हिशेबाच्या दृष्टीने ती हवीच. उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला न कळू देण्याची आज्ञा दात्याला आहे, खजिनदाराला नाही.)

जमीन विकणे हे बर्णबाचे सर्वांत सोपे दान होते, असे सर म्हणत तेव्हा आम्ही बुचकळ्यात पडत असू. त्यांचे म्हणणे पटले ते नवव्या अध्यायाशी आल्यावर. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर ख्रिस्ताच्या दर्शनाने ज्याचे आयुष्य उलथून गेले तो शौल, म्हणजे पुढचा पौल, यरुशलेमेत येतो आणि शिष्यांत मिसळू पाहतो. पण सगळे त्याला भितात, आणि त्यांचे भय अगदी रास्त आहे, कारण स्तेफन या शिष्याच्या वधाला त्याची संमती होती आणि घराघरांतून माणसे ओढून तुरुंगात टाकण्याचे काम त्याने केले होते. अशा माणसाला हाताशी धरून बर्णबा प्रेषितांपुढे नेतो आणि त्याची हकिगत स्वतः सांगतो. येथे त्याने पैसा दिलेला नाही. आपली पत दिली आहे. शौल उद्या उलटला असता तर सर्वांत आधी बर्णबाकडे बोट दाखवले गेले असते. विकलेली जमीन निदान एकदाच जाते, दुसऱ्यासाठी लावलेली पत मात्र तो माणूस जिवंत असेपर्यंत अडकून राहते.

पुढे अंत्युखियात काम वाढले तेव्हा बर्णबा तार्सला जाऊन शौलाला शोधून आणतो, दोघे वर्षभर तेथे शिकवतात, आणि शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा त्याच शहरात मिळते. दुष्काळाची चाहूल लागल्यावर तेथील मंडळीने (ख्रिस्ती समुदायाने) ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे जमवलेली मदत यहूदीयात पोहोचवण्याचे कामही याच दोघांवर सोपवले जाते. सुरुवातीला बर्णबा आणि शौल असा असलेला नावांचा क्रम तेराव्या अध्यायाच्या मध्यापासून बहुतेक ठिकाणी पौल आणि बर्णबा असा होतो. ज्याला आपण पुढे आणले तो आपल्या पुढे गेला, आणि त्याबद्दल बर्णबाची एकही तक्रार त्या पुस्तकात नोंदलेली नाही. उत्तेजन देणाऱ्याची खरी परीक्षा मला येथे दिसते. नवख्याच्या पाठीवर थाप मारायला कोणीही तयार असतो; तो आपल्या खुर्चीपाशी पोहोचला की हात आखडतात.

तरुण योहान मार्कावरून मात्र दोघांचे बिनसले. पंफुल्यात तो त्यांना सोडून परत गेला होता, म्हणून पुढच्या दौऱ्यात पौलाला तो नको होता; बर्णबाला हवा होता. मतभेद इतका विकोपाला गेला की दोघे वेगळे झाले आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्रला गेला. मार्क हा बर्णबाचा नातलग होता, हे कलस्सैकरांस पत्रातून कळते, तेव्हा वर्गात कोणीतरी म्हणालेच की हा तर उघड पक्षपात. सरांनी ते खोडून काढले नाही. पक्षपात असेलही, ते म्हणाले, बर्णबाच्या चुका गलतीकरांस पत्रातही नोंदलेल्या आहेत. पण तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा चौथा अध्याय वाचा. तेथे तुरुंगातला पौल मार्काला बरोबर घेऊन ये असे लिहितो, कारण तो आपल्याला सेवेसाठी उपयोगी आहे. मार्क सुधारला हे खरेच. पण त्याच्याकडे पाहण्याची पौलाची दृष्टीही बदलली, आणि मला या दोहोंपैकी दुसरा बदल अधिक अवघड वाटतो.

त्याच वर्षी आमच्या वर्गाच्या निधीतील काही रक्कम कमी भरली. संशय एका मुलावर होता. सिद्ध काहीच झाले नाही, पण त्याच्या शेजारी बसायला कोणी तयार होईना. वर्गातील पुस्तकांचे कपाट आणि त्याच्या दंडाचे पैसे कोणी सांभाळायचे, हा प्रश्न आल्यावर सरांनी त्या मुलाचे नाव पुकारले. वर्गाला ते मुळीच रुचले नाही. सरांनी नोंदवहीचे पहिले पान उघडले, 'सांभाळणारा' या रकान्यात त्याला नाव लिहायला सांगितले, आणि शेजारच्या 'जबाबदार' या रकान्यात, जेथे एरवी वर्गप्रमुखाची सही असे, तेथे स्वतः पूर्ण नावाने सही केली. शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली आणि मग त्याच्या हातात दिली. भाषण झाले नाही. सुरुवातीला मुले दंडाची नाणी देताना ती त्याच्यासमोर मोठ्याने मोजून देत असत. हळूहळू तो प्रकार आपोआप थांबला. तो मुलगा पुढे कोणी फार मोठा झाला, असे काही मला सांगायचे नाही. त्याने ती वही नीट ठेवली आणि वर्ग त्याच्याशी पुन्हा बोलू लागला, इतकेच घडले.

त्यानंतर फिलेमोनाला लिहिलेले पत्र वाचताना सरांना काही समजावून सांगावे लागले नाही. फिलेमोनाकडून निघून गेलेल्या अनेसिम या दासाला पौल परत पाठवतो आणि लिहितो की, त्याने तुझे काही नुकसान केले असेल किंवा तो तुझे काही देणे लागत असेल, तर ते माझ्या नावे मांड. हे मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे, मी भरून देईन. अवघ्या पंचवीस ओव्यांचे हे पत्र लेखापरीक्षकाच्या नजरेने वाचले तर ते सरळसरळ हमीपत्र आहे. पण त्यात फिलेमोनाकडेही मागणी आहे आणि ती जड आहे: त्याने अनेसिमाला दास म्हणून न घेता प्रिय बंधू म्हणून घ्यावे. पौल देणे स्वतःच्या अंगावर घेतो ते फिलेमोनाला हा बदल टाळायला सबब उरू नये म्हणून, असे मला वाटते.

विश्वास टाकायचा म्हणजे हिशेब पाहायचा नाही, असा अर्थ काही भाविक मंडळी काढतात. तो मला मान्य नाही. यरुशलेमेतील गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी नेताना पौलाने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक बंधू पाठवला, आणि त्याचे कारण करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात स्पष्ट लिहिले: एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत कोणी आपल्यावर दोष ठेवू नये. त्याच अध्यायात मासेदोनियातील मंडळ्यांनी कमालीच्या दारिद्र्यातही ऐपतीबाहेर दिल्याचे कौतुक आहे. औदार्य आणि पावती एकाच अध्यायात सुखाने नांदतात.

माजी विद्यार्थी संघाने ज्युबिलीनिमित्त शिष्यवृत्ती सुरू करण्याचे ठरवले आहे. त्यासाठी माझ्या दोन सूचना आहेत. खात्यावर दोघांच्या सह्या असाव्यात. आणि अर्जात गुणांच्या रकान्याऐवजी शिक्षकाच्या सहीचा रकाना असावा, म्हणजे एकदा नापास झालेल्या किंवा शाळा मध्येच सोडून परत आलेल्या मुलासाठी जबाबदारी घ्यायला जो शिक्षक तयार असेल, त्याला ती घेता येईल.