तुम्ही विचारलंत म्हणून: स्वयंपाकघर किती तोडायचं?

आमच्याकडे पहिल्यांदा आलेलं माणूस स्वयंपाकघरात शिरलं की आधी ओट्याकडे बघतं, मग माझ्याकडे. कारण ओटा दोन उंचींचा आहे. खिडकीखालचा शेगडीचा भाग जुना, काळ्या कडप्प्याचा, जमिनीपासून ३० इंच. सिंककडचा भाग नवा, ग्रॅनाइटचा, ३५ इंच. "काम काढलंच होतं, तर सगळंच का नाही केलंत?" हे ठरलेलं वाक्य. ज्यांच्या घरी काम निघायचंय, ते पुढे विचारतात, "मग आम्ही किती करू?" आजवर ज्याला त्याला तुकड्यातुकड्याने सांगत आले. आज सगळं सांगते.

कोथरूडमधली आमची इमारत १९८८ची. तीस वर्षांहून अधिक काळ स्वयंपाकघराला रंगापलीकडे कुणी हात लावला नव्हता. एके दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांच्या छताला, आमच्या सिंकच्या बरोबर खाली, ताटाएवढा ओलीचा डाग पडला होता. म्हणजे कुठून तरी तोडावं लागणारच होतं, आणि तोडायचंच तर नवं स्वयंपाकघर करून टाकू, असं घरात सगळ्यांनाच वाटलं. एका इंटिरियरवाल्यांना बोलावलं. त्यांनी सुरेख चित्र करून आणलं: पांढरे शटर, लपवलेले दिवे, या भिंतीवरचं सिंक त्या भिंतीवर. मी विचारलं, "भिंतीतल्या पाइपांचं काय?" ते म्हणाले, "ते प्लंबर बघेल." त्या एका उत्तरावर मी थबकले. ओल पाइपाची होती, आणि पाइप त्या चित्रात कुठेच नव्हता.

मग मी फ्रिजवर एक कोरा कागद लावला. स्वयंपाकघरात वावरताना ज्याला जे खुपेल, ते त्याने तिथल्या तिथे लिहायचं, पंधरा दिवस. सासूबाई लिहीत नसत, पण म्हणायच्या, "अगं, माझंही लिही गं," आणि मुलगी लिहायची. पंधरा दिवसांनी कागद खाली उतरवला. मिक्सर लावायचा तर मायक्रोवेव्हचा प्लग काढावा लागतो, हे सर्वांत जास्त वेळा होतं. भांडी घासताना कंबर धरते, हे माझ्या आणि नवऱ्याच्या अक्षरात. चिरताना आपलीच सावली सुरीवर पडते. पिठाचा डबा काढायला गुडघ्यावर बसावं लागतं, हे सासूबाईंचं. नळाची धार बारीक. कपाटाच्या रंगाबद्दल एका ओळीचीही तक्रार नव्हती. किती तोडायचं, हे माझ्यापुरतं त्या कागदाने ठरवलं, आणि कुणी विचारलं की मी आधी कागद लावायलाच सांगते.

भिंतीच्या आत आणि फरशीच्या खाली जे असतं, तिथे हात आखडता घेऊ नका, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. आमचे पाइप जुने लोखंडी, गॅल्व्हनाइज्ड. प्लंबरने त्यातला एक तुकडा कापून हातात दिला. अर्ध्या इंचाचा पाइप, आत गंज आणि क्षार साचून पेन्सिल जेमतेम जाईल एवढं भोक उरलेलं. नळाची धार बारीक का, ते तेव्हा कळलं. ती भिंत पूर्ण उघडली, सगळे पाइप सीपीव्हीसी या प्लास्टिकचे टाकले. तो गंजत नाही आणि गरम पाण्यालाही चालतो. प्लास्टर करण्याआधी हातपंपाने पाइपात दाब भरून रात्रभर ठेवला, सकाळी काटा तिथेच आहे हे पाहिलं, मगच भिंत बुजवली. सिंकखालची फरशी उखडून नवं वॉटरप्रूफिंग केलं, त्यावर दोन इंच पाणी भरून दोन दिवस ठेवलं. काकू खाली छताकडे डोळे लावून होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, "कोरडं आहे गं, अगदी ठणठणीत!" मग फरशी बसली.

सिंक मात्र हलवलं नाही. सांडपाण्याच्या पाइपाला उतार लागतो, मीटरमागे दोन-अडीच सेंटीमीटर तरी. सिंक पलीकडच्या भिंतीला नेलं असतं, तर तेवढा उतार मिळवायला फरशी उचलावी लागली असती किंवा खालच्यांच्या छताखालून पाइप न्यावा लागला असता. चित्रात हे एका रेघेचं काम असतं. कॉलम आणि बीमला छिन्नीही लावू द्यायची नाही, मग पाइप थोडा वळसा घेऊन गेला तरी चालेल. सोसायटीची लेखी परवानगी काम सुरू होण्याआधी घ्या.

वायरिंगही पूर्ण नवं केलं. २००० वॅटची इंडक्शन शेगडी जवळजवळ पावणेनऊ अँपिअर वीज ओढते. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर ती लावायची म्हणजे वायर तापवत बसायचं. ओट्यावर १६ अँपिअरचे चार सॉकेट घेतले, सिंकपासून लांब, आणि स्वयंपाकघराच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच लाइन तोडणारा स्विच, बसवला. ओल्या हाताने बटणं दाबणारी माणसं ज्या घरात आहेत, म्हणजे प्रत्येक घरात, तिथे तो हवाच.

आता ओटा. यावर माझं सगळ्यांत जास्त डोकं चाललं. ओटा साधारणपणे आपल्या कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली असावा. माझी उंची पाच फूट पाच इंच, सासूबाई पाच फुटांनाही थोड्या कमी. एकच उंची दोघींना कशी पुरणार? आणि हा फरक माणसामाणसातच नाही, कामाकामातही आहे. शेगडी स्वतःच चार-पाच इंच उंच, तिच्यावर कुकर चढला की त्यात डोकवायला टाचा उंचवाव्या लागतात. सिंकचं नेमकं उलट. भांडं सिंकच्या तळाशी, म्हणजे हात ओट्याच्याही सात-आठ इंच खाली. कंबर वाकते ती तिथे. म्हणजे सिंक उंच हवं आणि शेगडी खाली. सगळीकडे एकसारखा ओटा दिसायला सरळ, पण कुठल्या तरी एका कामाला तो चुकीचाच.

सिंककडची भिंत तर उघडायची होतीच, म्हणून तेवढाच ओटा पाडून ३५ इंचांचा नवा केला. शेगडीकडचा ठेवला. नव्या भागाच्या कडेला ग्रॅनाइटची अर्ध्या इंचाची पट्टी लावून घेतली, म्हणजे पाणी शेगडीकडे उतरत नाही. मिस्त्री म्हणाले, "ताई, दोन लेव्हल बरं नाही दिसणार." मी म्हटलं, "मामा, एकदा भांडी घासून बघा." त्यांनी खरंच दोन पातेली घासली आणि काही न बोलता सुतळी बांधायला घेतली.

जुना कडप्पा ठेवला त्यात सासूबाईंचं मन होतंच, पण नुसतं तेवढंच नव्हतं. आपल्याकडच्या जुन्या ओट्यांखाली कडप्प्याचेच उभे-आडवे कप्पे असतात. तो दगड पाण्याने फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही. ते फोडून त्या जागी लाकडी भुशाच्या बोर्डाचे खोके बसवले, तर सिंकखालची एक गळती त्यांना पुरते. प्लायवूड घ्यायचंच झालं, तर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायवूडचा, शिक्का बघून घ्या. आम्ही दगडाचे कप्पे तसेच ठेवून त्यात स्टीलच्या ट्रॉल्या सरकवल्या. पिठाचा डबा आता सासूबाईंच्या हाताशी पुढे येतो. कडप्प्यात एकच उणं आहे. तो चुनखडीच्या जातीचा, त्यामुळे लिंबाचा किंवा चिंचेचा रस राहिला की डाग पडतो. आमच्या ओट्यावर असे डाग आहेत. लिंबू आता ग्रॅनाइटवर चिरतो.

गॅसच्या बाबतीत इथे एक सांगते, कारण सुंदर कपाटांच्या नादात हे सुटतं. पाइप गॅसची नळी फर्निचरच्या आड बंद करायची नाही, आणि हलवायची तर गॅस कंपनीच्याच माणसांकडून. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, तो गळला तर जमिनीलगत साचतो. पाइपमधला हलका, तो वर जातो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला खाली जाळी हवी, आणि पाइप गॅस असलेल्या खोलीत वरच्या बाजूला हवा जायला वाट. आमच्याकडे पाइप आहे, म्हणून खिडकीच्या वर नवा एक्झॉस्ट बसवला.

उरलेल्यात फार वेळ घालवला नाही. सावलीसाठी ओट्यावरच्या फळीखाली एक पट्टीचा दिवा लावला. शेगडीमागच्या पांढऱ्या टाइल्स ठोकून पाहिल्या, पोकळ वाजल्या नाहीत, राहू दिल्या. माळा, स्टीलची मांडणी, देव्हारा जागच्या जागी. बारा दिवस गॅलरीत इंडक्शनवर आमटी-भात आणि कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्राच्या पोळ्या. सगळं तोडलं असतं, तर हेच महिना-दीड महिना चाललं असतं, आणि सासूबाईंना त्या वयात तेवढे दिवस स्वयंपाकघराबाहेर ठेवणं मला जमलं नसतं.

म्हणून सगळ्यांनी अर्धंच करावं, असं मी म्हणत नाही. नाशिकला माझ्या बहिणीने अख्खं स्वयंपाकघर उपसलं आणि ते बरोबरच केलं. तिच्या लाकडी खोक्यांना वाळवी लागली होती, टाइल्स पोकळ वाजत होत्या, सांडपाण्याचा उतार मुळातच उलटा होता. तिथे राखायचं काय? तिला मी थांबवलं असतं, तर तीन वर्षांत तेच काम तीनदा निघालं असतं. कागद तिनेही लावला होता. तिचा दोन्ही बाजूंनी भरला.

आणखी एक करा. भिंत बुजवण्याआधी, उघड्या पाइप-वायरींना टेप लावून फोटो काढा: जमिनीपासून किती इंच, कोपऱ्यापासून किती. ते फोटो आम्ही छापून सिंकखालच्या दाराला आतून चिकटवले आहेत. मागच्या महिन्यात पाण्याचा फिल्टर बसवायला एक मुलगा आला. त्याने भिंतीवर खूण केली, ड्रिल उचललं. सासूबाई म्हणाल्या, "थांब रे बाळा," आणि खालचं दार उघडून दाखवलं. त्याने वाकून फोटो पाहिला, टेप लावला, आणि खूण चार इंच डावीकडे सरकवली.