फायरफॉक्समधला देवनागरी टंक

नव्या डेस्कटॉपवर फायरफॉक्स हा ब्राउझर बसवल्यावर मी सर्वांत आधी टंकाकडे (फॉन्टकडे) वळतो, कारण माझे बरेचसे वाचन मराठीत असते आणि आपोआप मिळणाऱ्या टंकात जोडाक्षरे नीट वाचता येतातच असे नाही. सेटिंग्जच्या 'जनरल' विभागात फॉन्टशेजारचे 'अ‍ॅडव्हान्स्ड' बटण दाबल्यावर लिपींची यादी मिळते; तिच्यातून देवनागरी निवडली की टंक, त्याचा आकार आणि किमान आकार हे सारे रोमन लिपीपेक्षा वेगळे ठरवता येते. मी मुक्त परवान्याचा 'मुक्ता' हा टंक १८ आकारात ठेवला आहे.

संकेतस्थळांना स्वतःचे टंक वापरू देणारी खूण तिथेच काढता येते. ती काढल्यावर सर्वत्र आपलाच टंक दिसतो, पण काही पानांवर चिन्हांऐवजी रिकामे चौकोन उमटतात, म्हणून (थोड्या नाराजीनेच) मी ती पुन्हा लावली.

बाकीची कामे किरकोळ आहेत: जाहिराती रोखण्यासाठी युब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेंशन, आणि सुरुवातीला मागचे टॅब उघडण्याचा पर्याय. टॅबपट्टीचे रूप यूजरक्रोम.सीएसएस या फाइलने बदलता येते. मात्र २०१९ मधल्या ६९व्या आवृत्तीपासून ती सोय आधी 'अबाउट:कॉन्फिग' या फायरफॉक्सच्या प्रगत सेटिंग्जच्या पानावर चालू करावी लागते.