उजवीकडच्या खुणा पुसल्या

लघवीच्या पिशवीतला गडद लाल रंग बघितला आणि पंप आजच बदलायचं ठरवलं. मोठ्या हार्ट अटॅकनंतर मांडीतून हृदयात, महाधमनीच्या झडपेतून आरपार बसवलेल्या लहान पंपावर पेशंट तीन दिवस तगून होता, पण आता पंपात तांबड्या पेशी फुटत होत्या. शिवाय मांडीत नळी, म्हणजे उठणं-बसणं बंद.

मोठा पंप मिनिटाला साडेपाच लिटरपर्यंत रक्त ढकलतो. तो कॉलरबोनखालून, अ‍ॅक्सिलरी आर्टरीतून, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या धमनीतून घालायचा. सवयीने मी उजवीकडे खुणा केल्या. भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, "सर, आर्टरी मोजलीय ना?"

नव्हती मोजली. सोनोग्राफीत निघाली ५.२ मिलिमीटर. पंपाचा सगळ्यात जाड भाग २१ फ्रेंच (नळ्यांच्या जाडीचं माप), म्हणजे बरोबर ७ मिलिमीटर. डावीकडची ७.१ भरली. तिकडे बऱ्याच जणांना पेसमेकर असतो. याला नव्हता, नशीब. नाहीतर छाती उघडून थेट महाधमनीला ग्राफ्ट, म्हणजे कापडी नळी, जोडायची पाळी, आणि एवढ्या आजारी माणसात ते मला नकोच होतं. खुणा पुसल्या, डावी बाजू रंगवली.

ही धमनी मांडीतल्या धमनीसारखी दणकट नसते, ओढाल तर फाटते. तिला खेटून हाताच्या मज्जातंतूंचे पांढरट दोर. त्यांना ताण नको म्हणून असिस्टंटचा रिट्रॅक्टर, जखम उघडी धरायचं हत्यार, दोनदा सैल करायला लावला. १० मिलिमीटरचा डॅक्रॉन ग्राफ्ट तिरका कापून धमनीच्या कुशीला शिवला. क्लॅम्प सोडल्यावर टाक्यांच्या भोकांतून रक्त पाझरलं, थोडा वेळ बोटाने दाबून धरलं.

खरी धाकधूक पुढेच होती. झडपेतून दोन पंप एकदम बसत नाहीत. जुन्याचा वेग उतरवून तो महाधमनीत ओढला आणि बंद केला. मीन प्रेशर, म्हणजे सरासरी रक्तदाब, ६५ वरून ४४. तारेवरून नवा पंप सरकवताना कोणी बोलत नव्हतं. इकोवर त्याचं तोंड झडपेच्या ३ सेंटिमीटर खाली दिसलं, हवं होतं ५. आणखी पुढे ढकलला, चालू केला, प्रेशर वर आलं. मग मांडीतली नळी काढली.

तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर निघालेला, लघवी पिवळी, पेशंट खुर्चीत. मी डावा हात पुढे करायला सांगितला, "माझी बोटं दाबा." जोर चांगला होता.

"करंगळी जरा बधिर वाटते," तो म्हणाला.

फाईलमध्ये लिहिलं आणि फिजिओथेरपिस्टला फोन लावला.