तुम्ही विचारलंत म्हणून: पॅराड्रॉइडच का?

जुन्या कम्प्युटर गेमचा विषय निघाला की मी फिरून फिरून ‘पॅराड्रॉइड’वर येतो, आणि मग विचारणा होतेच: चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या खेळात एवढं आहे तरी काय? आता तुम्हीही विचारलंत, तर नीटच सांगतो.

१९८५ साली अँड्र्यू ब्रेब्रुक या ब्रिटिश प्रोग्रामरने कॉमॉडोर ६४ या घरगुती कम्प्युटरसाठी हा गेम लिहिला आणि ह्यूसन या गेम-कंपनीने तो बाजारात आणला. मालवाहू अंतराळयानांवरचे रोबॉट बिथरलेत, एकेक डेक, म्हणजे यानाचा मजला, साफ करायचा, एवढीच गोष्ट. पडद्यावर रोबॉट म्हणजे नुसता गोळा आणि त्यावर तीन आकडे. पहिला आकडा त्याची पायरी सांगतो. १ म्हणजे कचरा उचलणारा, ४ दुरुस्तीवाला, ७ लढाऊ, आणि सगळ्यांच्या वर ९९९. आपण ००१. भिंतीआडचं काही दिसत नाही. दार आपोआप सरकतं आणि समोर ७४२ उभा असतो. तीन आकड्यांनी छातीत धस्स व्हावं, ही करामत मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये पाहिलेली नाही.

गोळ्या झाडता येतात, पण ००१ची बंदूक अगदीच किरकोळ. खरा मार्ग म्हणजे समोरच्याचा ताबा घेणं. जागेवर थांबून फायरचं बटण दाबून धरायचं आणि तसंच जाऊन त्याला भिडायचं. लगेच पडदा बदलतो. मधोमध बारा पट्ट्या, दोन्ही बाजूंनी त्यांच्याकडे येणाऱ्या तारा. तारेतून पल्स, म्हणजे विजेचा ठोका, सोडून पट्टी आपल्या रंगाची करायची. आधी बाजू निवडायला काही सेकंद मिळतात, आणि माझ्या मते निम्मी लढाई तिथेच होते. कुठली तार मध्येच तुटलीय, कुठली फुटून दोन पट्ट्या देते, कुठली उलट शत्रूचाच रंग लावते, हे भरभर वाचावं लागतं. मग मोजकेच पल्स सोडायचे. वरच्या पायरीच्या रोबॉटकडे ते जास्त असतात. एकाच पट्टीवर दोघांचे पल्स आले तर नंतरच्याचा रंग टिकतो, म्हणून एक शेवटच्या क्षणासाठी राखून ठेवावा. वेळ संपताना ज्याच्या रंगाच्या पट्ट्या जास्त, तो जिंकला. ००१ असताना हरलात तर खेळ खलास.

जिंकलात तर त्याचं चिलखत, त्याची बंदूक, त्याचा वेग, सगळं तुमचं, पण उसनं. ताब्यातला रोबॉट आतून जळत जातो, आणि जितका बलवान तितका लवकर. ९९९ हाती आला तरी तो फार वेळ टिकत नाही. लगेच पुढचं शरीर शोधायला निघावं लागतं. इतर गेममध्ये कमावलेली ताकद साठत जाते, इथे ती सतत निसटत असते. त्यामुळे साध्या ४७६ला सोडून ७११च्या मागे लागावं का, हा प्रश्न दर वेळी नव्याने पडतो. माझा जीव जडला तो यावर.

१९९०मध्ये अमिगा आणि अटारी एसटी या नंतरच्या कम्प्युटरांवर ‘पॅराड्रॉइड ९०’ आला. दिसायला तो जास्त देखणा, तरी सुरुवात मूळ गेमपासूनच करा. इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या कम्प्युटरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, छान चालतो. आणि पहिल्याच डेकवर सातशेवाल्याला भिडू नका. आधी दोनशे-तीनशेच्या घरातला एखादा गाठा आणि त्याच्यावर तारा वाचायची सवय करून घ्या.